थांबासाहेबांची डबी

त्या दिवशी सकाळी आमच्या घरात रोजचंच चाललं होतं. कुकर शिट्टीच्या बेतात होता, ह्यांना स्वतःच्याच डोक्यावर सरकवलेला चष्मा सापडत नव्हता, आणि भाऊजी, म्हणजे माझे धाकटे दीर, जेवणाच्या टेबलाच्या एका टोकाला लॅपटॉप उघडून बसले होते. गेल्या वर्षभरापासून टेबलाचं ते टोक म्हणजे त्यांचं ऑफिस. मी चुकून तिथे भाजीची परडी ठेवली की ते ती दोन बोटांनी अलगद माझ्या हद्दीत सरकवत.

तेवढ्यात दार वाजलं. बेल असताना कोणीतरी तळहाताने दार ठोकत होतं.

दारात मुकादमांची बायको उभी होती. भाऊजींच्या जुन्या साइटवरचे हे मुकादम. वीसेक वर्षं दोघांनी मिळून इमारती उभ्या केल्या होत्या. एरवी ही बाई आमच्याकडे आली की चप्पल काढून, पदर नीट करून, “ताई, आत येऊ का?” म्हणून विचारायची. त्या दिवशी ती चपलेसकट आत आली.

“साहेब, स्लॅब पडला. सक्काळी सक्काळी. हे खाली होते.”

भाऊजी उभे राहिले. “जिवंत आहेत?”

“आहेत. हात गेलाय म्हणतात. दवाखान्यात नेलंय.”

“बाकीचे?”

“बाकी कोणाला नाही लागलं. ह्यांनी सगळ्यांना बाहेर काढलं होतं.”

“कुठला स्लॅब?”

ती क्षणभर घुटमळली. “तुमची डबी लावलेला.”

भाऊजींनी तोंड उघडलं. सेंट्रिंग काढायला कोणी सांगितलं, असं विचारणार होते बहुधा. पण तो प्रश्न त्यांच्या ओठांवरच राहिला, कारण सांगणारे तेच होते. आदल्या संध्याकाळी याच टेबलावरून त्यांनी साइटला कळवलं होतं.

ज्यांनी कधी बांधकाम जवळून पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी एवढं सांगते. ओला स्लॅब स्वतःचं वजन पेलू शकत नाही. तो पक्का होईपर्यंत त्याला खालून फळ्या आणि टेकू लावून धरून ठेवावं लागतं. त्या सगळ्या आधाराला साइटवर सेंट्रिंग म्हणतात. ते कधी काढायचं, या एका गोष्टीवरून भाऊजींनी आयुष्यात जेवढी भांडणं केली तेवढी भावकीतल्या लोकांनी जमिनीवरूनही केली नसतील. मालकाला घाई असते, कारण तेच टेकू काढून वरच्या मजल्याला लावायचे असतात. आणि भाऊजींचं उत्तर एकच: “थांबा.” साइटवर त्यांचं नावच पडलं होतं थांबासाहेब. समोर कोणी म्हणायचं नाही, पण त्यांना ठाऊक होतं, आणि मला वाटतं, आवडतही होतं.

शिक्षण संपलं तसे ते साइटवर गेले ते गेलेच. गाव बदलायचं, खोली बदलायची, पत्र्याची ट्रंक मात्र तीच. लग्नाचं विचारलं की म्हणायचे, “वहिनी, मुलीकडच्यांना दाखवायला घर तर पाहिजे! मी जगाची घरं बांधतो आणि माझा संसार ट्रंकेत.” दोन-तीन ठिकाणी बोलणी झाली. एका ठिकाणी मुलगी बघायला गेले आणि त्यांच्या छताला गेलेली भेग बघत बसले. मुलीच्या वडिलांना म्हणाले, “हे लवकर बघून घ्या, हं.” मग आम्हीही नाद सोडला.

पंचेचाळिशी ओलांडली आणि गुडघे बोलायला लागले. शिडीवरून उतरताना ते मिस्त्र्याला पुढे घालत, म्हणजे कोणाला कळायला नको. घरी आले की मी गरम पाण्याची पिशवी द्यायची आणि ते म्हणायचे, “उगाच काय वहिनी, मी काय म्हातारा झालो?” पण पिशवी परत करायचे नाहीत. त्यात मालकांचे फोन. आम्ही जेवायला बसलो की हमखास यायचे.

“अहो काढा ना आता! स्लॅब उबवताय का कोंबडीसारखे?”

“थांबा.”

“किती थांबू? तुम्हाला भीती वाटते म्हणून मी काम बंद ठेवू?”

एकदा असा फोन ठेवून त्यांनी ताट बाजूला सारलं. मग म्हणाले, “मी थांबा म्हटलं की ते माझं मत होतं, वहिनी. मताला कोणीही शिव्या घालतो. थर्मामीटरने ताप दाखवला तर त्याच्याशी कोण भांडतं?”

अशा बोलण्यातूनच ते त्या कंपनीत गेले. ती कंपनी बांधकामासाठी यंत्रं आणि फोनवरचे प्रोग्राम बनवते. त्यांची मुख्य वस्तू म्हणजे काडेपेटीपेक्षा थोडी मोठी एक डबी. ती सळईला तारेने बांधायची आणि तिच्यावर काँक्रीट ओतायचं. काँक्रीट घट्ट होताना आतून तापतं. आत बसून डबी ती ऊब मोजत राहते, आणि किती ऊब किती वेळ टिकली यावरून काँक्रीट किती पक्कं झालं ते फोनवर दाखवते. पिवळा रंग म्हणजे थांबा. हिरवा म्हणजे सेंट्रिंग काढा. भाऊजी पहिल्यांदा ती डबी घरी घेऊन आले तेव्हा त्यांनी ती टेबलाच्या मधोमध ठेवली आणि आम्हाला बोलावून दाखवली. हे म्हणाले, “म्हणजे आता तुझ्याऐवजी ही थांबा म्हणणार?”

“हो. आणि हिला बीपी नाही.”

सुरुवातीला ते रोज कंपनीच्या ऑफिसात जात, आणि ते दिवस अवघड गेले. फिरती खुर्ची त्यांना मानवेना. “बसलं की ती फिरते आणि माणूस आपोआप भिंतीकडे तोंड करून बसतो,” म्हणायचे. काँक्रीट मिक्सरच्या आवाजात जन्म गेलेला, त्यामुळे फोनवर ओरडायचे. ऑफिसातल्या मुलांनी त्यांना एक वेगळी खोलीच दिली, आणि पुढे घरूनच काम करायची मुभा मिळाली. ती मुलं चांगली होती. आधी ‘सर’ म्हणत, महिन्याभरात ‘काका’ म्हणू लागली. त्यांना साइट कशी असते ते सांगणं हेच भाऊजींचं काम. तळघरात फोन लागत नाही. सिमेंटच्या हाताला स्क्रीन जुमानत नाही. बटण मोठं करा, अक्षरं कमी करा. मुलं ऐकत, लगेच बदल करत, आणि दुसऱ्या दिवशी भाऊजींना दाखवत. त्यांचा चेहरा उजळायचा. इतकी वर्षं त्यांचं बोलणं कोणी लिहून घेतलं नव्हतं.

त्या मुलांमध्ये एक चष्मेवाली होती. हुशार, नेमकं बोलणारी. एकदा याच टेबलावर त्यांची ऑनलाइन मीटिंग चालू होती आणि मी शेंगा निवडत होते. तिने विचारलं, “काका, समजा साइटवर कोणी डबीचीच जास्त काळजी घेतली तर? म्हणजे तिच्या आसपासचंच काँक्रीट नीट सांभाळलं, बाकीच्याचं नाही. मग डबी खरं सांगेल, पण तेवढ्याच जागेचं. सगळ्या स्लॅबचं नाही.”

भाऊजींनी आपल्या हद्दीत आलेलं शेंगेचं एक साल उचलून बाजूला ठेवलं.

“असं होतं का काका, साइटवर?”

“आमची माणसं असं करत नाहीत,” भाऊजी म्हणाले.

“मग एका स्लॅबला एक डबी पुरेल,” ती म्हणाली, आणि मीटिंग पुढे गेली.

नंतर लॅपटॉप मिटून भाऊजींनी माझ्यासमोरची परडी ओढून घेतली आणि शेंगा निवडायला लागले. आपल्या हद्दीत परडी सहन न करणारा माणूस! थोड्या वेळाने आपणहून बोलले.

त्यांनी सांगितलं ते असं. प्रत्येक स्लॅबच्या वेळी त्याच काँक्रीटचा थोडा भाग लोखंडी साच्यात भरून एक ठोकळा करतात. तो तपासणीला जातो. तो किती दाब सोसतो यावर स्लॅब पास की नापास ते ठरतं. आणि साइटवरची रीत अशी, की हा ठोकळा लाडाचा. त्यासाठी माल निवडून घ्यायचा, तो मन लावून ठोकायचा, पाण्याच्या टाकीत जपून ठेवायचा. त्यात लबाडी आहे असं कोणालाच वाटत नाही. पाहुणे यायचे म्हटले की आपण पुढची खोली लखलखीत करतो आणि सगळा पसारा आतल्या खोलीत ढकलतो, त्यातलाच प्रकार. तपासणीला जाणारी वस्तू नीटनेटकी असावी, नाहीतर साइटची अब्रू काय राहिली?

“मग तिला सांगितलं का नाही?” मी विचारलं.

“काय सांगू? आमची माणसं लबाड आहेत म्हणून?” ते एकदम तापले. “ही पोरं चांगली आहेत, पण यांनी मुकादमांना बघितलेलं नाही. आधी माणूस कळायला हवा वहिनी, मग त्याची खोड. नुसती खोड सांगितली तर तेवढाच माणूस उरतो.”

मला ते पटलं. आजही अर्धं पटतं.

पुढे त्यांच्याच जुन्या साइटवर डबी लागली. हिवाळ्याचे दिवस, वारा असा की कपडे दोरीवर थिजावेत. थंडीत काँक्रीट सावकाश पक्कं होतं, म्हणून नेहमीपेक्षा जास्त दिवस लागतील असं भाऊजींनी सगळ्यांना आधीच सांगून ठेवलं होतं. आणि त्या संध्याकाळी फोनवर हिरवा रंग आला. भाऊजींनी चष्मा पुसून पुन्हा बघितलं.

“एवढ्या थंडीत? इतक्या लवकर?”

मग त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. चेहऱ्यावर लहान मुलासारखा आनंद. म्हणाले, “बघा वहिनी, मी असतो तर अजून आठवडाभर थांबा म्हटलं असतं.” आणि त्यांनी साइटला कळवून टाकलं.

सकाळी दार वाजलं ते त्यानंतर.

दवाखान्यात भाऊजींबरोबर मीही गेले, मुकादमांच्या बायकोच्या सोबतीला. मुकादम खिडकीजवळच्या खाटेवर होते, उजवा हात खांद्यापासून बांधून वर टांगलेला. सगळ्यांच्या मागून बाहेर पडताना कडेच्या सज्जाचा तुकडा त्यांच्यावर आला होता. आत असते तर वाचले नसते. हात राहील, डॉक्टर म्हणाले, पण मूठ वळेल की नाही ते आत्ता सांगता येत नाही. सगळ्या आयुष्याची कमाई त्या मुठीतली.

आम्हाला बघून मुकादम उठायला लागले. भाऊजींनी त्यांना खांद्याला धरून निजवलं.

“साहेब, डबी शाबूत आहे ना?” पहिला प्रश्न हा.

“डबीचं सोडा.”

“सोडा कसं? मालक पहिल्या दिवसापासून चिडवत होता. साहेबाचं खेळणं, साहेबाचं खेळणं. मी म्हटलं, आपल्या साहेबाची डबी नापास होऊ देतो होय! तुम्ही आम्हाला सोडून गेलात, पण आम्ही काय तुमचं नाव घालवू?” मुकादमांना बोलताना धाप लागत होती, पण डोळे चमकत होते. “खालून हॅलोजनचा दिवा लावला. मोठा. वरून पोती, त्यावर ताडपत्री. रोज पहाटे जाऊन हात लावून बघायचो. बाळंतिणीच्या खोलीसारखी ऊब ठेवली होती, साहेब, विचारा कोणालाही.”

भाऊजी खाटेच्या कडेला बसले. फार हळू विचारलं, “आणि बाकीच्या स्लॅबला?”

“बाकीच्याला काय? बाकीचा आपला नेहमीसारखा, उघडा...”

मुकादम बोलता बोलता थांबले. त्यांनी छताकडे बघितलं, मग टांगलेल्या हाताकडे. इतका वेळ त्यांना वाटत होतं की स्लॅबच दगा देऊन गेला. कोणी काही समजावलं नाही. त्यांचं त्यांनाच उमगलं, आणि ते उमगताना मला बघवलं नाही.

“म्हणजे मीच की हो, साहेब,” ते म्हणाले.

भाऊजींनी त्यांचा डावा हात हातात घेतला. शेजारच्या खाटेवरचा माणूस कूस बदलून दुसरीकडे तोंड करून निजला.

बाहेर व्हरांड्यात मुकादमांच्या बायकोने भाऊजींना गाठलं. “मालकाचा माणूस येऊन गेला. म्हणतो, यंत्रात छेडछाड केली, आता कामावर यायचं नाही, आणि इथला खर्चही आमच्यावर नाही. साहेब, छेडछाड म्हणजे काय? ह्यांनी काही चोरलं का?”

“नाही.”

“मग तो असं का बोलला?”

भाऊजी म्हणाले, “मी बघतो.” आजवर थांबा म्हणणारा माणूस मी बघतो म्हणाला, पण आवाजात तो जोर नव्हता.

दुपारी घरी आलो. कंपनीच्या प्रमुखांनी ऑनलाइन बोलायचं म्हणून निरोप पाठवला होता. त्याआधी ह्यांनी भावाला स्वयंपाकघरात घेतलं. माझ्यासमोरच बोलले, माझ्यापासून लपवण्यासारखं आमच्या घरात काही नसतं, जागाही नाही.

“हे बघ, डबी खोटं बोललेली नाही. तिच्या जागी ऊब होती, तिने ऊब सांगितली. दिवा कोणी लावला? मुकादमाने. तू सांगितलंस का लाव म्हणून?”

“नाही, दादा.”

“मग? ती मुलगी काय विचारून गेली ते कोणाच्या लक्षात आहे? ती स्वतः बोलणार नाही, तुला काका म्हणते.”

“ती बोलणार नाही, म्हणून तर.”

“आणि नोकरी? या वयात तुला कोण घेणार? साइटवर परत जाशील? जिना चढताना कठडा धरतोस, मला दिसत नाही वाटतं?”

मी भाऊजींपुढे चहा ठेवला. त्यांनी कप उचलला, पुन्हा ठेवला, आणि जाऊन टेबलाच्या आपल्या टोकाला बसले.

प्रमुख वयाने भाऊजींपेक्षा लहान. वाईट माणूस नाही. मुकादमांची चौकशी त्यांनी आधी केली. हात वाचेल का, घरी कोण कोण आहे. मग मुद्द्यावर आले. परवा दवाखान्यात मुकादमांचा जबाब होणार होता. चौकशी अधिकारी येणार, मालकाचा माणूस येणार, कंपनीचा वकील येणार. कंपनीचं म्हणणं साधं होतं: डबी बरोबर चालली, साइटवरच्या माणसाने तिला फसवलं.

“काका, तुम्ही एवढंच सांगायचं, की डबी कशी बसवायची ते तुम्ही त्यांना नीट समजावलं होतं.”

“समजावलं होतं.”

“मग झालं तर.”

“झालं नाही,” भाऊजी म्हणाले.

मी कुकरखालचा गॅस बंद केला.

“साइटवर तपासणीचा ठोकळा सगळेच लाडाने करतात. मीही वीस वर्षं केला. मुकादमांना तो करायला शिकवला तो मीच. फसवायचं म्हणून कोणी करत नाही. नाव राखायचं म्हणून करतात. डबी आली तेव्हा त्यांनी तेच केलं, माझ्यासाठी. हे होऊ शकतं का, असं मला विचारलं होतं तुमच्या ऑफिसातल्या मुलीने, सगळ्यांसमोर. मला माहीत होतं. मी नाही म्हटलं.”

मीटिंगला ऑफिसातली मुलंही होती. मग चष्मेवालीचा आवाज आला, रडवेला. “काका, मी पुन्हा विचारायला हवं होतं.”

“तू विचारलंस, बाळ. एकदा विचारलं तेवढं पुरे होतं. उत्तर द्यायचं काम माझं होतं. त्यासाठीच मला घेतलंत ना तुम्ही?”

“का नाही म्हणालात, काका?” प्रमुखांनी विचारलं. रागाने नाही, खरंच कळत नव्हतं त्यांना.

“तुमच्यासमोर माझ्या माणसांना कमीपणा यायला नको होता. आता तुम्ही त्यांनाच चोर ठरवताय.”

प्रमुखांनी सुस्कारा टाकला. “तुम्ही हे चौकशीत बोललात, तर दुसऱ्या दिवशी सगळ्या साइटवरच्या डब्या बंद कराव्या लागतील.”

“करा. आजच करा. एका स्लॅबला एक डबी पुरत नाही. कडेला लावा, कोपऱ्यात लावा, जिथे वारा लागतो तिथे लावा. आणि कुठली डबी खरी मोजायची ते साइटवर कोणाला सांगू नका. मग पुन्हा सुरू करा. डबी चांगली आहे, साहेब. मी अजून म्हणतो, चांगली आहे.”

“आणि तुमचं काय करायचं, ते मला आत्ता सांगता येणार नाही. वर संचालकांशी बोलावं लागेल.”

“नका सांगू.”

हे दारात उभे होते. काहीतरी बोलायला पुढे झाले. मी हाताने नको म्हटलं.

“काका,” प्रमुख म्हणाले, “तुमचं मुकादमांविषयी जे म्हणणं आहे ते मी मांडेन. ते मान्य होईलच असं नाही. तुम्हाला स्वतःला काही हवंय का? म्हणजे मला जमण्यासारखं?”

भाऊजींनी लॅपटॉप थोडा जवळ ओढला.

“परवा त्यांचा जबाब घ्याल, तेव्हा मला वकिलाशेजारी बसवू नका. खाटेपाशी, त्यांच्या बाजूला बसू द्या.”